नऊ बिघाडांची गाडी की चार बिघाडांची?



२०२५ च्या प्रजासत्ताक दिनाचे संचलन आपण मेसच्या टीव्हीवर एकत्र पाहिले होते. कर्तव्यपथावरून 'चेतक' ही ऑल टेरेन वाहने आणि 'कपिध्वज' ही खास वाहने गेली, तेव्हा तुम्ही वाजवलेल्या टाळ्या किचनपर्यंत ऐकू गेल्या. त्यानंतर तुमचा एकच वाद चालू झाला. जोंगा भारी की जिप्सी? स्टॉर्म भरवशाची की स्कॉर्पिओ? गुरखा या सगळ्यांना मागे टाकेल का? शेवटी गोंदियाच्या एका कॅडेटने मला वर्गात उभे राहून विचारले, "सर, तुम्ही ईएमईत होता. एका शब्दात सांगा, सगळ्यात भरवशाची गाडी कोणती?"

या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर मी आयुष्यात एकदाच दिले आहे. ती हकीकत पुढे येईल. आधी घरचेच उदाहरण घेऊ.

आपल्या एमटी शेडमध्ये दोन फोर बाय फोर गाड्या असतात, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही. तुम्हाला ती माहीत आहेत, आणि नाव दिले की तुमच्यातले निम्मे जण वाचायच्या आधीच बाजू घेतील. त्यांना अ आणि ब म्हणू. एका गाडीला वार्षिक कॅम्पचे सामान घेऊन दल्ली-राजहराच्या पलीकडच्या जंगलात जायचे असते. दुसरीला रात्रभर एमआय रूमसमोर उभे राहायचे असते. कोणाला साप चावला, कोणाचा हात मोडला, कोणाचा ताप उतरेना, तर सेक्टर ९ च्या रुग्णालयात नेण्यासाठी. कोणती गाडी कोणत्या कामाला लावायची, यावर प्राचार्यांनी माझे मत मागितले होते. मी वही तुमच्यापुढे ठेवली आणि म्हटले, तुम्हीच सांगा.

वहीत वर्षभरात अ गाडीचे ९ बिघाड होते आणि ब गाडीचे ४. (गणित सोपे राहावे म्हणून इथले सगळे आकडे मी गोळाबेरीज करून घेतले आहेत.) तुम्ही एका आवाजात म्हणालात, "ब!"

मी विचारले, "गाड्या चालल्या किती?"

ते कोणी पाहिले नव्हते. अ गाडी वर्षात २७,००० किलोमीटर चालली होती, ब गाडी ६,०००. आता भागाकार करा. अ गाडी सरासरी ३,००० किलोमीटरमागे एकदा बिघडली, ब गाडी १,५०० किलोमीटरमागे एकदा. जिचे बिघाड जास्त, तीच किलोमीटरच्या हिशोबाने दुपटीने चांगली निघाली. दोन बिघाडांमधले सरासरी अंतर किंवा सरासरी वेळ हे भरवसा मोजायचे पहिले माप. इंग्रजीत त्याला एमटीबीएफ म्हणतात. गाडीसाठी किलोमीटर घ्यायचे, जनरेटरसाठी तास, तोफेसाठी झाडलेल्या फैरी. छेदात काय आहे ते विचारल्याशिवाय बिघाडांच्या संख्येला काहीच अर्थ नसतो.

हे मी कुठे शिकलो ते आता सांगतो.

नव्वदच्या दशकात मी उंचावरच्या एका युनिटच्या एलएडीत नायक होतो. एलएडी म्हणजे युनिटसोबत राहणारी ईएमईची छोटी दुरुस्ती तुकडी. हिवाळा जवळ आला होता. बर्फ पडल्यावर वरच्या चौकीवर आणीबाणीसाठी एकच हलकी गाडी ठेवायची होती. साहेबांनी मला विचारले, "कोणती ठेवू?" मी दुरुस्तीचे रजिस्टर उघडले. एका गाडीच्या पानावर पाच महिने एकही नोंद नव्हती. बाकीच्या गाड्यांची पाने भरलेली. मी त्या कोऱ्या पानावर बोट ठेवून म्हणालो, "ही, साहेब."

फेब्रुवारीतल्या एका रात्री वरच्या चौकीवर एका जवानाला धाप लागली आणि ओठ निळे पडू लागले. उंचीमुळे फुफ्फुसात पाणी होण्याचा तो प्रकार. त्यावर पहिला उपाय एकच, रुग्णाला ताबडतोब खाली आणायचे. ड्रायव्हरने सेल्फ मारला. एकदा 'कट्' आवाज झाला, मग काहीच नाही. गोठलेल्या बर्फात धक्का मारून ती गाडी सुरू होणे शक्य नव्हते. सहा जवानांनी त्याला स्ट्रेचरवर घेतले आणि अंधारात पायी उतरायला लागले. खालून दुसरी गाडी निघाली आणि अर्ध्या वाटेत भेटली. रजिस्टरमध्ये सर्वांत जास्त नोंदी असलेली ती गाडी होती. जवान वाचला. पण त्या अर्ध्या वाटेत काय काय होऊ शकले असते, ते मला अजून रात्री आठवते.

दुसऱ्या दिवशी आमच्या सुभेदार साहेबांनी माझ्यापुढे त्या गाडीची कार डायरी टाकली आणि एवढेच विचारले, "ये गाडी चली कितनी है?"

पाच महिन्यांत ती जवळजवळ चाललीच नव्हती. नोंद नव्हती, कारण वापर नव्हता. आणि वापर नव्हता म्हणूनच बॅटरी उतरली होती. शिशाच्या बॅटरीची ताकद थंडीत तशीही घटते. शून्याखाली १५-२० अंशांवर ती निम्म्यालाही राहत नाही, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या तेलात इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. कंपनीचा त्यात काही दोष नव्हता, गाडीचाही नव्हता. मी कोऱ्या पानाला चांगल्या गाडीचे प्रमाणपत्र समजलो होतो.

म्हणून छेद. पण नुसता छेदही पुरत नाही, हे आपल्या वहीतच दिसते.

राजनांदगावच्या कॅडेटने ९ नोंदी एकेक करून वाचल्या तेव्हा लक्षात आले की अ गाडीच्या ड्रायव्हरने वायपरचे रबर फाटले तेही लिहिले आहे, हॉर्न बसला तेही लिहिले आहे. ब गाडीचा ड्रायव्हर गाडी रस्त्यात उभी राहिली तरच लिहितो. म्हणजे आपण दोन गाड्यांची नव्हे, दोन ड्रायव्हरांच्या लिहिण्याच्या सवयींची तुलना करत होतो. प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याची गाडी कागदावर वाईट दिसते. हे गाड्यांपुरतेच नाही. पालकांनी ताप-खोकल्याची नोंद ठेवणाऱ्या दोन शाळांची तुलना केली तरी हीच फसगत होईल.

यावर फौजेतला उपाय सोपा आहे. बिघाड म्हणजे काय, ते आधी ठरवायचे. माझ्या पद्धतीत तीन वर्ग असतात. पहिला, गाडी थांबली आणि काम अर्धवट राहिले. दुसरा, गाडी लंगडत पोचली: चौथा गिअर पडत नव्हता, फोर व्हील लागत नव्हते, पण माणसे पोचली. तिसरा, काम पूर्ण झाले, बिघाड नंतर दुरुस्त केला. वायपर तिसऱ्या वर्गात जातो. पण थांबा, जुलैत केशकाल घाटाच्या बारा वळणांवर मुसळधार पाऊस असेल तर? मग तोच वायपर पहिल्या वर्गात. वर्ग सुट्या भागावरून ठरत नाही, त्या दिवशीच्या कामावरून ठरतो.

आता तुमच्या मूळ वादाकडे येतो. तुम्ही ज्या गाड्यांची नावे घेता, त्यांची तुलना खरोखर कशी झाली?

जीपची गोष्ट सर्वांत जुनी आणि सर्वांत बोधक. १९४० च्या जुलैत अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारणा केली. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता. फक्त बॅन्टम ही छोटी कंपनी मुदत पाळू शकली. तिची गाडी २३ सप्टेंबर १९४० ला मेरीलँडमधल्या कॅम्प होलाबर्डला पोचली. सैन्याने ती तीन हजार मैलांहून अधिक, बहुतेक रस्ता सोडून, हाणली. मग विलिस आणि फोर्ड यांच्याही गाड्या आल्या. सैन्याने लगेच एक निवडली नाही. तिघांकडून प्रत्येकी १,५०० गाड्या घेऊन वापरून पाहिल्या. शेवटी विलिसची निवड झाली ती मुख्यतः इंजिनामुळे. अभियंता बार्नी रूस याने त्या जुन्या इंजिनावर खपून ते सुमारे ६० अश्वशक्तीपर्यंत नेले होते, बाकीच्या दोघांची इंजिने त्याच्या मागे होती. शिवाय विलिसची किंमत कमी होती. म्हणजे सर्वांत आधी आलेल्या, सर्वांत जास्त मार खाल्लेल्या बॅन्टमला मोठी ऑर्डर मिळाली नाही. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, याच विलिस जीपची जुळणी मुंबईत सुरू झाली आणि महिंद्रा हे नाव आपल्या फौजेशी जोडले गेले.

मग आली जोंगा. नावातच जबलपूर आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली याची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून 'जोंगा' झाले. मूळ गाडी जपानची निसान पेट्रोल. 'पेट्रोल' हे गाडीचे नाव, गस्त या अर्थाचे. पण ती प्यायचीही पेट्रोलच, आणि भरपूर, कारण इंजिन सहा सिलिंडरचे, जवळपास चार लिटरचे. १९६९ पासून सुमारे तीस वर्षे ती बनली. आज तुम्हाला हौशी लोक सांगतील, "जोंगा कधी बंदच पडत नाही." त्यांचे ऐकताना एक विचार करा. लिलावातून गेलेल्या जोंगांपैकी ज्या वारंवार बंद पडल्या त्या भंगारात गेल्या. उरलेल्या उत्तम आहेत, म्हणून तर उरल्या. उरलेल्यांवरून सगळ्यांचा निकाल लावता येत नाही. (मलाही जोंगा आवडते. पण आवड आणि निकाल वेगळे.)

जिप्सी मात्र वेगळे प्रकरण आहे. १९८५ च्या डिसेंबरात ती ९७० सीसीचे चिमुकले इंजिन घेऊन आली. १९९६ मध्ये १,२९८ सीसीचे इंजिन बसले, २००० मध्ये कार्बोरेटर जाऊन इंधन इंजेक्शन आले. या बदलाचे महत्त्व मैदानात कळत नाही. उंचीवर हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरमागे साधारण दहा टक्क्यांनी उतरते, म्हणजे लेहला पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला. त्यातच कार्बोरेटर विरळ हवेतही पेट्रोल तेवढेच देत राहतो, मग इंजिन काळा धूर सोडते आणि प्लग काजळतात. इंजेक्शनची यंत्रणा हवा मोजून पेट्रोल कमी करते. सियाचीनच्या वाटेवरही जिप्सी चालली ती यामुळे, हलक्या वजनामुळे, आणि तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते म्हणून. पुढे-मागे साधे पाटे, अखंड अ‍ॅक्सल, हाताने टाकायचा फोर व्हीलचा दांडा.

पण जिप्सीच्या नावलौकिकाचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण तिच्या इंजिनात नव्हतेच. फौजेत ती तीस हजारांवर होती. कोणत्याही युनिटमध्ये जा, तिचा क्लच उतरवू शकणारा कारागीर आहे, तिचा फॅनबेल्ट स्टोअरमध्ये आहे, आणि अगदीच नसेल तर शेजारच्या युनिटच्या उभ्या जिप्सीतला काढून लावता येतो. बिघडली तरी चार तासांत उभी. मग लोकांच्या आठवणीत ती 'कधी न बिघडणारी' होते.

यातून दुसरे माप निघते: दुरुस्तीला लागणारा वेळ. पुन्हा आपल्या वहीकडे या. अ गाडी बिघडली की तिचा भाग बाहेरून मागवावा लागतो आणि सरासरी सहा दिवस ती शेडमध्ये पडून राहते. नऊ बिघाडांचे ५४ दिवस. ब गाडीचा भाग सुपेल्याच्या नाहीतर पॉवर हाऊसच्या दुकानात मिळतो, दुसऱ्या दिवशी गाडी उभी. चार बिघाडांचे चार दिवस. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी अ गाडी ३११ दिवस हाताशी होती, म्हणजे ८५ टक्के. ब गाडी ३६१ दिवस, ९९ टक्के. लगेच हुरळू नका, ब गाडी चाललीच कमी. तिलाही २७,००० किलोमीटर पळवली असती तर त्याच प्रमाणात १८ बिघाड आणि १८ दिवस. तरीही ९५ टक्के. किलोमीटरमागे दुप्पट बिघडणारी गाडी हाताशी राहण्यात पुढेच आहे! फौजेत नादुरुस्त गाडीला व्हीओआर म्हणतात, रस्त्याबाहेर असलेली गाडी. कमांडिंग ऑफिसर सकाळी बिघाड किती झाले ते विचारत नाही. व्हीओआर किती, ते विचारतो.

आता हे सरकारी खरेदीत कसे येते ते पाहा, कारण तुमच्यातले काही जण पुढे त्या टेबलाच्या एका बाजूला बसतील. जिप्सीच्या जागी नवी गाडी घ्यायची ठरली, तेव्हा वर्ग ठरला 'जीएस ८००': किमान ८०० किलो भार, वर पक्के छत, आत वातानुकूलन. वेगवेगळ्या प्रदेशांत दीर्घ चाचण्या झाल्या. शेवटी स्पर्धा उरली पुण्याची टाटा सफारी स्टॉर्म आणि नाशिकची महिंद्रा स्कॉर्पिओ यांच्यात, आणि २०१७ मध्ये ३,१९२ स्टॉर्मची ऑर्डर गेली. याचा अर्थ स्टॉर्म स्कॉर्पिओहून जास्त भरवशाची ठरली असा होतो का? नाही. आपल्या पद्धतीत चाचणी ही परीक्षा असते, क्रमवारी नव्हे. जे पास झाले ते सगळे सारखे. मग ज्याची किंमत कमी त्याला ऑर्डर. ९५ गुणांचा आणि ४० गुणांचा दोघेही फक्त 'पास'. पुढे २०२३ च्या सुरुवातीला १,४७० स्कॉर्पिओ घेतल्या गेल्याच. आणि मार्च २०२५ मध्ये पुण्याच्याच फोर्स मोटर्सला २,९७८ गुरखांची ऑर्डर मिळाली.

ही पद्धत चुकीची आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यामुळे कोणाला मर्जीतल्या कंपनीला गुण वाढवून देता येत नाहीत. चाचणीत ईएमईचे लोक गाडी उघडून, पुन्हा जोडून पाहतात. कोणते हत्यार लागते, हात कुठे पोचत नाही, किती वेळ लागतो, सगळे तपासतात. पण कारागीर म्हणून एक तक्रार करतोच. जिप्सी, स्टॉर्म, स्कॉर्पिओ, गुरखा, चारही एकाच स्टेशनवर आल्या की चार प्रकारचे फिल्टर, चार प्रकारच्या क्लचप्लेटी आणि चार प्रकारचे शिक्षण लागते. प्रत्येक गाडी स्वतंत्रपणे चांगली असेल, पण स्टोअरच्या फळीवर चौघींची गर्दी झाली की प्रत्येकीची दुरुस्ती लांबते. हा बिघाड कोणत्याही कंपनीच्या खात्यावर लिहिला जात नाही.

थंडीचा आणखी एक मुद्दा. नव्या गाड्या डिझेलच्या आहेत, टर्बोमुळे उंचीवर त्यांची ताकद कमी उतरते. पण साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखे दाटते आणि फिल्टरमध्ये अडकते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरात आणले. त्याआधीच्या हिवाळ्यात तीच गाडी तुम्ही 'बेभरवशाची' ठरवली असती. आमच्या भिलाईत उलटे. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि राजहराच्या वाटेवर लोहखनिजाची तांबडी धूळ उडते. ती पिठासारखी बारीक आणि कानशीसारखी कठीण असते. एअर फिल्टरला जराशी फट राहिली तर ती सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा खाते. छोट्या ऑल टेरेन गाड्यांत, ज्यांना चाकांची मोटरसायकल म्हणता येईल, बहुतेक वेळा गिअरऐवजी रबरी पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी असते. बर्फात ती उत्तम. इथल्या उन्हात, चढावर, ओझे लादून हळूहळू चालवली तर पट्टा तापतो, घसरतो आणि जळतो. संचलनातली 'चेतक' पाहून ती इथे आणावी असे ज्यांना वाटले, त्यांनी आधी पट्ट्याचा विचार करावा. म्हणून अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थांत चढ, पाणी, खड्डे, पीळ देणारे रस्ते असे वेगवेगळे ट्रॅक बांधलेले असतात. एका ट्रॅकवरचा विजेता दुसऱ्यावर हरू शकतो.

अकरावी-बारावीच्या कॅडेटांसाठी थोडे गणित. गाडी नवी असताना जुळणीतल्या चुका उघड्या पडतात, म्हातारी झाली की झीज बोलू लागते. मधल्या काळात बिघाड बहुतेक योगायोगाने होतात. या मधल्या काळात गाडी बिघाडाशिवाय ठराविक अंतर जाईल याची शक्यता काढता येते. अंतराला एमटीबीएफने भागा. येणारी संख्या ऋण चिन्हासह २.७१८ या संख्येच्या घातांकात ठेवा. कॅम्पची जाऊन-येऊन फेरी ३०० किलोमीटर धरू. अ गाडीसाठी ३०० भागिले ३,०००, म्हणजे ०.१, शक्यता निघते ९० टक्के. ब गाडीसाठी ०.२, शक्यता ८२ टक्के. फरक फार वाटत नाही ना? आता दहा गाड्यांचा काफिला घ्या. दहाही गाड्या बिघाडाशिवाय पोचण्याची शक्यता अ प्रकारच्या गाड्यांसाठी ३७ टक्के, ब प्रकारासाठी १४ टक्क्यांहूनही कमी. हा आकडा फळ्यावर आला तेव्हा वर्ग शांत झाला होता. प्रत्येक काफिल्याच्या शेवटी रिकव्हरी गाडी का असते, हे कोणाला वेगळे सांगावे लागले नाही.

पण मी लगेच ते गणित थोडे पुसले. आपल्याकडे बिघाड आहेत किती? ९ आणि ४. इतक्या लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो. ज्या वर्षी ४ बिघाड दिसले, त्या गाडीची खरी वार्षिक सरासरी १ पासून १० पर्यंत कुठेही असू शकते; ९ दिसले तर ४ पासून १७ पर्यंत. किलोमीटरमध्ये मांडले तर अ गाडीचा खरा एमटीबीएफ अंदाजे १,६०० ते ६,५०० च्या दरम्यान, ब गाडीचा ६०० ते ५,५०० च्या दरम्यान. दोन्ही पट्टे एकमेकांवर बरेच चढलेले आहेत. अ गाडी दुपटीने चांगली असे मी वर लिहिले, ते वहीपुरते खरे. गाडीपुरते सिद्ध झालेले नाही. आणि तुमच्यातला कोणी सांगत असेल की "आमच्या काकांची अमुक गाडी १०,००० किलोमीटरमध्ये एकदाही बंद पडली नाही," तर त्याला सांगा, यावरून एवढेच खात्रीने म्हणता येते की तिचा एमटीबीएफ बहुधा ३,३०० किलोमीटरच्या वर आहे. शून्य बिघाड म्हणजे अनंत भरवसा नव्हे. दहा हजाराला तीनने भागायचे, हा जाणकारांचा चटकन काढायचा आडाखा.

शेवटी प्राचार्यांना मी काय लिहून दिले? कॅम्पला अ गाडी. जंगलात ती थांबली तर सुपेल्याचे दुकान जवळ नाही, तिथे मुळात न थांबणे महत्त्वाचे, आणि हाती आहे त्या पुराव्याचा कल अ गाडीकडे आहे. रात्रीच्या ड्युटीला ब गाडी. तिला दहा किलोमीटरच्या आतच जायचे असते, आणि वर्षात ती जवळजवळ रोज हाताशी असते. त्याखाली एक अट लिहिली: ब गाडी उभी राहून सडता कामा नये. रोज संध्याकाळी तिची फर्स्ट परेड व्हावी, म्हणजे तेल, पाणी, बेल्ट, टायर, बॅटरीची टोके पाहावीत, आणि तिने निदान आठ किलोमीटर चालावे. प्राचार्यांनी विचारले, "त्याला तेल किती जाईल?" मी हिशोब दिला. त्यांनी सही केली.

वही आता तुमच्याकडे आहे. स्तंभ वाढले आहेत: किलोमीटर, बिघाडाचा वर्ग, गाडी किती तास उभी होती, भाग कुठून आला. दोन्ही ड्रायव्हरांना मी वर्ग समजावून सांगितले. ब गाडीचे ड्रायव्हर काका आधी नाराज झाले, त्यांना वाटले आपली तक्रार झाली. आता तेही वायपर लिहितात. त्यामुळे या वर्षी ब गाडीच्या नोंदी वाढलेल्या दिसतील, तेव्हा घाबरू नका आणि गेल्या वर्षाशी ताडूनही पाहू नका.

मागच्या रविवारी वही तपासली. ब गाडीच्या पानावर आठवीच्या कॅडेटच्या हस्ताक्षरात लागोपाठ अकरा दिवस एकच ओळ होती: "सेल्फ पहिल्यांदा लागला. ८ कि.मी." बाराव्या दिवशी लिहिले होते: "सेल्फ तिसऱ्यांदा लागला." बॅटरी काढून चार्जिंगला लावली आहे. एका सेलमध्ये गडबड दिसते. नवी मागवली आहे, तोपर्यंत रात्री एमआय रूमसमोर अ गाडी उभी राहील.